महाबळेश्वर भिजतं, वाई कोरडी का? हवामान घडवणाऱ्या भूगोलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग तोंडावर आला की, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की आणि जानेवारीत कडाका पडला की ठरलेले प्रश्न ठरलेल्या वेळी येतात. काही विद्यार्थ्यांचे, बरेचसे त्यांच्या पालकांचे, काही शेतकऱ्यांचे, तर काही घाटात धुक्यात अडकून बसलेल्या हौशी मंडळींचे. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम महाराष्ट्रातली घेतली आहेत, कारण एका राज्यात इतके नमुने शेजारी शेजारी नांदताना फारसे बघायला मिळत नाहीत. जिथे एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हवा आणि हवामान एकच ना?

नाही. ऐन लग्नाच्या दिवशी पाऊस आला, ही हवा. जुलैत कोकणात उघड्यावर मांडव घालायचा विचारही कुणी करत नाही, ते हवामान. हवा तासातासाला बदलते. हवामान म्हणजे त्या जागेची सवय, आणि सवय ठरवायला निदान तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी धरतात. "यंदा थंडीच पडली नाही" हे वाक्य हवेबद्दल आहे. त्यावरून गावाचं हवामान बदललं असा निकाल लावू नये.

पुण्यात शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला जुने पुणेकर अजून "सिमला ऑफिस" म्हणतात. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं तेव्हाचं हे नाव. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं.

२. एखाद्या ठिकाणचं हवामान नेमकं कशाकशावर ठरतं?

पुस्तकातली यादी अशी असते: अक्षांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, समुद्रापासूनचं अंतर, डोंगररांगांची दिशा, वारे, समुद्रप्रवाह, जमीन आणि झाडोरा. यादी पाठ करायला सोपी आहे, पण तिने गोंधळच वाढतो. सगळे घटक एका ओळीत बसवले की सगळ्यांचं वजन सारखं वाटतं. तसं ते नसतं.

मुंबईहून विदर्भाकडे जाणारी गाडी धरा. कल्याणपर्यंत अंग चिकचिकतं. कसारा घाट चढून इगतपुरी आली की खिडकीतून गार झुळूक येते. नाशकात हवा कोरडी. पुढे गाडी तापीच्या खोऱ्यात उतरते आणि भुसावळला, मे महिना असेल तर, रात्री अकराला खिडकीची सळई कोमट लागते. मुंबई आणि भुसावळ यांच्या अक्षांशात दोन अंशांचाही फरक नाही. फरक पडला तो समुद्र मागे राहिला म्हणून, चढलो म्हणून, पुन्हा उतरलो म्हणून, आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाला आलो म्हणून.

माझं मत विचाराल तर या सगळ्यांचा कारभारी वारा आहे. समुद्र जवळ असून उपयोग नाही, वारा समुद्राकडून यायला हवा. डोंगर असून उपयोग नाही, वाऱ्याने त्याला आडवं धडकायला हवं. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हा कारभारी कुठे ना कुठे भेटेल.

३. महाराष्ट्र सगळा उष्ण कटिबंधातच येतो. मग अक्षांशाचा आपल्याला काय फरक पडतो?

राज्याच्या आत फार नाही. महाराष्ट्र साधारण १५.५ ते २२ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे, म्हणजे अख्खं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून आपल्याकडे प्रत्येक गावाच्या अगदी डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो आणि त्या दुपारी क्षणभर सावली नाहीशी होते. पुण्यात हा दिवस मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेर येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि मग जुलैच्या मध्याला.

आता गंमत बघा. मेमध्ये सूर्य डोक्यावर असताना काहिली होते. जुलैत तोच सूर्य तितकाच डोक्यावर असतो, पण आपण स्वेटर शोधत असतो, आणि सावली गेली का हे बघायला ऊनच नसतं. मधल्या काळात फिरला तो वारा, आणि त्याच्यामागून आले ते ढग. अक्षांश ऊन किती मिळू शकेल ते सांगतो, किती मिळेल ते नाही.

४. महाबळेश्वरात धो धो आणि तीस किलोमीटरवर वाईत ठणठणीत. असं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मी वाईचा असल्यामुळे जिव्हाळ्याचाही. लहानपणी जुलैत गच्चीवरून पश्चिमेला बघितलं की पसरणीच्या घाटावर काळं पांघरूण टाकल्यासारखे ढग दिसायचे. आमच्या डोक्यावर मात्र पांढरे, घाईत निघालेले ढग आणि मधूनच ऊन. वारा असा की दोरीवरचे कपडे तासाभरात वाळत. वरून एसटी यायची ती टपावरून पाणी निथळत, आणि स्टँडवर उभी राहीपर्यंत तिची बोनेट वाळलेली असायची.

आकडे बोलके आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर वाईला सातशे-आठशेच्या घरात. मधल्या पाचगणीत महाबळेश्वरच्या जेमतेम तिसरा हिस्सा. रस्त्याने बत्तीस-एक किलोमीटरचा प्रवास, आणि पाऊस सात-आठपट कमी.

घडतं ते असं. अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येकडून बाष्पाने जड झालेला वारा येतो. कोकणपट्टी अरुंद आहे, ती ओलांडली की समोर सह्याद्रीची भिंत. महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, आणि पश्चिमेला कडा जवळजवळ सरळ तुटलेला. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेला तेवढं बाष्प धरवत नाही, त्याचे ढग होतात आणि तिथेच कोसळतात. हाच प्रतिरोध पाऊस.

माथा ओलांडल्यावर तीच हवा वाईच्या दिशेने खाली उतरते. उतरताना दाबली जाते, दाबल्याने तापते, दर हजार मीटरला सुमारे दहा अंशांनी. तापलेल्या हवेत उरलेले ढग विरतात. लोक म्हणतात, "सगळा पाऊस वरच संपतो, म्हणून खाली येत नाही." हे अर्धंच खरं आहे. बाष्प बरंच शिल्लक असतं. वाईच्या हवेत जुलैत ओलावा काही कमी नसतो. फक्त उतरत्या हवेला पाऊस पाडता येत नाही. पर्जन्यछाया म्हणजे बाष्पाचा दुष्काळ नव्हे, चढणीचा दुष्काळ.

५. मग सर्वांत उंच ठिकाणी सर्वांत जास्त पाऊस, असं सूत्र मांडता येईल का?

नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पण पावसाचा मान तिचा नाही. आंबोली सातशे मीटरच्याही खाली आहे, तरी तिथे महाबळेश्वरहून जास्त, सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोली समुद्राच्या जवळ आहे, आणि तिथे घाटाला असा बाक आहे की वारा चहूकडून कोंडला जाऊन वर ढकलला जातो. उंचीइतकाच महत्त्वाचा असतो तो कड्याचा तीव्रपणा, दरीचं तोंड कुठे उघडतं आणि वारा किती सरळ येऊन आदळतो. गोव्यात पणजीपेक्षा आतल्या, घाटाला टेकलेल्या वाळपईला जास्त पाऊस पडतो तोही याच न्यायाने.

६. उंचावर आपण सूर्याच्या जवळ जातो. मग तिथे गरम व्हायला हवं, गार का?

सूर्य पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. त्यात आपण दीड किलोमीटर वर चढलो, तर त्याला पत्ताही लागत नाही. मुळात हवा सूर्याने थेट फार तापत नाही, ती तापते जमिनीकडून. चुलीपासून दूर सरकावं तसं वर गेलं की गार. शिवाय वरची हवा विरळ, तिला उष्णता धरून ठेवता येत नाही. सरासरी हिशेब हजार मीटरला साडेसहा अंशांचा. मेमध्ये पुण्यात ३७ असेल तर आठशे मीटर वरच्या महाबळेश्वरात ३२ च्या आसपास.

हे सूत्र उन्हाळ्याच्या दुपारी बरोबर बसतं. हिवाळ्याच्या पहाटे ते साफ उलटं पडू शकतं, त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

७. जानेवारीत बातमी येते, "पुणे महाबळेश्वरपेक्षा गार." छापताना चूक होते का?

चूक नाही. आणि हा काही एखाद्या दिवसाचा चमत्कारही नाही, हिवाळ्यात पुण्याचं किमान तापमान महाबळेश्वरच्या खाली असणं नेहमीचंच आहे.

निरभ्र, कोरड्या, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. तिला लागून असलेली हवा गार होते, आणि गार हवा जड. ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगटात साचते. डोंगरमाथ्यावरची गार हवा निसटून खाली जाते, तिची जागा शेजारची उबदार हवा घेते. पहाटेपर्यंत खोरं थंड आणि माथा त्या मानाने उबदार अशी उलटी उतरंड लागते. पुणे मुळा-मुठेच्या बशीत आहे, महाबळेश्वर माथ्यावर. दुपारी मात्र हिशेब पुन्हा सरळ होतो, पुणे तिशीला टेकतं आणि महाबळेश्वर पंचविशीच्या आत असतं.

हीच गोष्ट महाबळेश्वरच्या आतही दिसते. थंडीत वेण्णा लेकवर हिमकण जमल्याचे फोटो येतात, आणि त्याच पहाटे गावातल्या वेधशाळेत पारा सात-आठ अंशांवर असतो. तळं खोलगटात आहे, तिथे गार हवा साचते. शिवाय वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-पाच फूट वर, पेटीत असतो. बोटींच्या जेटीच्या फळीवर, गवताच्या पात्यावर किंवा गाडीच्या टपावर तापमान त्याहून कितीतरी खाली उतरतं. बोट फिरवलं की पांढरी साखर हाताला लागावी तसं दहिवर लागतं, आणि ऊन आलं की दहा मिनिटांत फळी नुसती ओली.

निफाडचं गणित असंच. गोदावरी-कादवेच्या सपाट, सखल खोऱ्यात गार हवा तळ ठोकते आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो. द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. जमिनीतून येणारं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, आणि धुराबरोबर थोडी हलचाल झाली तरी वरची ऊब खाली मिसळते. दोन-तीन अंशांचाच खेळ असतो, पण मणी तडकणं आणि न तडकणं यात तेवढंच अंतर.

८. मेमध्ये मुंबई ३४ अंश आणि नागपूर ४३. पण हाल मुंबईत जास्त होतात, ते का?

पाणी तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. समुद्राकाठची हवा त्यामुळे वर्षभर मधल्या पट्ट्यात राहते. मुंबईत मे आणि जानेवारीच्या दुपारच्या तापमानात तीन-चार अंशांचा फरक, नागपुरात चौदा-पंधरा अंशांचा. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे जातात. मच्छीमार या वाऱ्यांच्या वेळा घड्याळासारख्या वापरत आले आहेत.

हाल मात्र तापमापकात दिसत नाहीत. घाम वाळला तरच अंग गार होतं. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. नागपुरात घाम दिसतही नाही, इतक्या लगेच वाळतो. म्हणून तिथे सावलीत, कूलरसमोर बरं वाटतं, आणि म्हणूनच कूलर मुंबईत कुचकामी. पण नागपूरचा उन्हाळा सोपा आहे असं कुणी समजू नये. अंगातलं पाणी कधी कमी झालं ते कळत नाही, आणि तिथे उन्हाने माणसं दगावतात.

९. समुद्राजवळ असूनही मार्चमध्ये मुंबई चाळिशीला कशी टेकते? आणि भिरा तर कोकणात आहे!

कारभाऱ्याने कूस बदलली की असं होतं. मार्चमध्ये काही दिवस पूर्वेकडून, पठारावरून तापलेला कोरडा वारा जोर धरतो. रोज अकरा-बाराला सुरू होणारे खारे वारे त्या दिवशी दोन-तीनपर्यंत अडून राहतात. तेवढ्या वेळात पारा चढून बसतो. मेमध्ये पश्चिमेचा वारा स्थिर झाल्यावर अशी चढाई सहसा होत नाही, म्हणून मुंबईची सर्वांत तापलेली दुपार पुष्कळदा मेऐवजी मार्च-एप्रिलमध्ये सापडते.

रायगडातलं भिरा याचं टोकाचं उदाहरण. मार्च २०१७ च्या अखेरीस तिथे ४६ अंशांच्या वर नोंद झाली आणि लोकांनी नकाशा काढून गाव शोधलं. भिरा सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोंगरांच्या कोंडीत आहे. पूर्वेचा वारा कडा उतरून येतो तो प्रश्न ४ मधल्या हिशेबाने तापत, फक्त दिशा उलटी, वाईऐवजी आता कोकणाकडे. समुद्राची झुळूक तिथवर पोचेपर्यंत दुपार सरलेली असते. जिल्हा कोकणात असला म्हणून हवा समुद्राचीच असेल असं नाही.

१०. पर्जन्यछाया कुठे संपते? विदर्भात पाऊस पुन्हा कसा वाढतो?

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला हा पट्टा सर्वांत कोरडा, वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर. तिथून पूर्वेला जावं तसा आकडा हळूहळू चढतो. नागपूर हजाराच्या पुढे, गडचिरोली चौदाशेच्या आसपास. गोंदिया-भंडाऱ्याला भाताचं पीक आणि शेकडो मालगुजारी तलाव आहेत ते उगाच नाहीत.

याचं कारण मागे, पश्चिमेला शोधू नका. पूर्व विदर्भाचा पावसाचा पुरवठादार मुख्यतः बंगालचा उपसागर. तिथे तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडमार्गे वायव्येकडे सरकतात आणि वाटेत विदर्भ भिजवतात. मुंबईत ढगांनी उघडीप दिली असताना गडचिरोलीचे रस्ते बंद पडलेत, असं चित्र दर पावसाळ्यात दिसतं. एकाच राज्याला दोन समुद्रांचं पाणी मिळतं, आणि मधल्या पट्ट्याला दोन्हींचं शेपूट.

११. सोलापुरात जुलै कोरडा आणि सप्टेंबरात पाऊस. हे उलटं का?

कोकणाच्या मापाने बघितलं म्हणून उलटं वाटतं. जुलैत पश्चिमेचा वारा जोरात असतो, म्हणजे सह्याद्रीपलीकडे हवेची घसरणही जोरात. ढग धावतात, पडत नाहीत. सप्टेंबरात तो जोर ओसरतो, मधून मधून ऊन पडून जमीन तापते, पूर्वेकडून उपसागराचं बाष्प आत येतं, आणि दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. सोलापूरचा सर्वाधिक पावसाचा महिना सप्टेंबर आहे. उत्तरा आणि हस्ताचा हा पाऊस काळ्या जमिनीत मुरतो आणि त्या ओलीवर मंगळवेढ्याची ज्वारी थंडीत उभी राहते, पुढे एक थेंब न पडता. तिथल्या शेतकऱ्याला मृगापेक्षा हत्तीची, म्हणजे हस्त नक्षत्राची, काळजी जास्त, ती यामुळे.

१२. मराठवाडा पर्जन्यछायेत येतो म्हणून दुष्काळी, बरोबर ना?

उत्तरपत्रिकेत चालून जाईल, पण नेमकं नाही. लातूर, नांदेडची सरासरी आठशे-नऊशे मिलिमीटरच्या घरात आहे, पुण्याहून जास्त. सह्याद्रीची दाट छाया प्रश्न १० मधल्या पट्ट्यावर आहे, मराठवाड्यावर ती विरळ झालेली असते. खरी अडचण बेभरवशाची. दोन्ही समुद्रांपासून लांब, त्यामुळे उपसागराचा पट्टा जरा उत्तरेने गेला की पूर्ण महिना कोरडा. दोन पावसांत वीस-पंचवीस दिवसांचा खंड पडला तर सरासरी गाठूनही पीक जातं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्यामागे लागोपाठच्या अपुऱ्या पावसाबरोबर उपसा, पीकपद्धती आणि खाली पाणी न साठणारा कातळही होता. सगळं खापर सह्याद्रीवर फोडणं सोयीचं आहे, एवढंच.

१३. जळगाव-भुसावळ एवढं का तापतं? तिथे तर तापी आहे.

खोऱ्यामुळेच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये दोनशे-सव्वादोनशे मीटर उंचीवरची सखल पट्टी. छत्रपती संभाजीनगर त्याहून साडेतीनशे मीटर वर आहे. प्रश्न ६ चा हिशेब लावला तर नुसत्या उंचीने दोन-सव्वादोन अंशांचा फरक पडतो. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला आलं की तो चेहऱ्यावर कळतो. त्यात एप्रिल-मेमध्ये वायव्येकडचे कोरडे वारे. रावेर-यावलच्या केळीला याच खोऱ्याचे दोन्ही चटके बसतात, मेमध्ये उष्ण वाऱ्याने पानं फाटतात आणि जानेवारीत थंडीने वाढ थांबते. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट भिंत उभी करतात, ती वाऱ्यासाठी.

१४. सह्याद्री नसता तर पाऊस पूर्ण महाराष्ट्रभर सारखा पडला असता का?

कोकण आणि घाटमाथ्याचा पाऊस बराच घटला असता हे नक्की. देशावर, म्हणजे घाटापलीकडच्या पठारावर, तो वाढलाच असता असं मात्र नाही, कारण हवेला वर ढकलणारं काहीतरी लागतंच. कच्छ बघा. समुद्र पायाशी, पावसाळ्यात वारा समुद्राकडून, तरी कोरडं. वाटेत आडवा डोंगर नाही, आणि वरच्या थरात पश्चिमेकडची कोरडी हवा झाकणासारखी बसलेली, ढगांना उंच होऊ देत नाही. पुढे राजस्थानात अरवली आहे, पण ती पावसाळी वाऱ्याच्या दिशेला समांतर. वारा बाजूने निघून जातो. सह्याद्री उत्तर-दक्षिण उभा आहे ही आपली मिळकत. कृष्णा, गोदावरी, भीमा याच माथ्यावरचं पाणी घेऊन कोरड्या देशातून वाहतात. म्हणजे वाईला पाऊस नाकारणारा डोंगरच वाईला नदी देतो.

१५. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला फक्त ७४. यात कुठला भौगोलिक घटक?

वीस-पंचवीस किलोमीटरवर एवढा फरक भूगोलाने समजावता येत नाही. सरासरीत सांताक्रूझला कुलाब्यापेक्षा थोडा जास्त पाऊस पडतो. पण त्या दिवशी प्रचंड उंचीचे गडगडाटी ढग उपनगरांवर ठाण मांडून बसले, आणि असे ढग काही किलोमीटरच्या टापूतच कोसळतात. ही हवा होती, हवामान नव्हे (प्रश्न १). मिठी नदीचं पात्र आणि भराव टाकलेली खाडी यांनी त्या पावसाचा पूर केला, तो भाग भूगोलाचा, आणि माणसाचा.

१६. लंडन टोरांटोपेक्षा कितीतरी उत्तरेला आहे. मग माझ्या टोरांटोच्या बहिणीकडे बर्फ आणि लंडनच्या भावाकडे नुसती भुरभुर, असं का?

लंडन ५१.५ अंश उत्तर, टोरांटो ४३.७. तरी जानेवारीची सरासरी लंडनला शून्याच्या वर पाच-एक अंश, टोरांटोला शून्याखाली. पुस्तकी उत्तर "उबदार समुद्रप्रवाह". ते खरं आहे, पण पुरेसं नाही. त्या अक्षांशांत वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. लंडनच्या पश्चिमेला अटलांटिक आहे, टोरांटोच्या पश्चिमेला आणि उत्तरेला गोठलेला खंड. कॅनडाचा पूर्व किनाराही अटलांटिकलाच लागून आहे, तरी तो थंडीत गोठतो, कारण तिथला वारा समुद्राकडे जातो, समुद्राकडून येत नाही. पुन्हा तोच कारभारी.

१७. तंजावरच्या मराठी नातेवाइकांकडे पाऊस दिवाळीत येतो. तिथे मान्सून उशिरा पोचतो का?

उशिरा नाही, तो मान्सूनच वेगळा. जून ते सप्टेंबर तंजावर पश्चिम घाटाच्या छायेत असतं, आपल्या माण तालुक्यासारखं. ऑक्टोबरपासून वारे उलटतात, ईशान्येकडून येतात, वाटेत बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात आणि कोरोमंडल किनाऱ्यावर पडतात. तेच ईशान्य वारे आपल्याकडे मात्र हजार किलोमीटर जमीन तुडवून येतात, म्हणून कोरडे.

१८. झाडं लावली, धरण बांधलं तर आमच्या गावात पाऊस वाढेल का?

गारवा वाढेल. झाडं सावली देतात, पानांतून पाणी उडवतात, माती धरतात, पडलेलं पाणी मुरवतात. दाट झाडीच्या आणि सिमेंटच्या वस्तीत रात्रीच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. पण गावापुरती झाडी किंवा तलाव ढग खेचून आणत नाही. घाटमाथ्यावर जंगल आहे म्हणून तिथे पाऊस पडतो, हा समज उलटा आहे. पाऊस पडतो म्हणून ते जंगल आहे. झाडं जरूर लावा, पण पावसाच्या आशेवर नको, पाण्यासाठी लावा.

१९. मुंबईत २०२५ ला पाऊस २६ मेलाच आला. मग हे सगळे नियम आता मोडीत निघाले का?

मुंबईची सरासरी तारीख ११ जून. २६ मे ही आजवरच्या नोंदींतली सर्वांत लवकरची. पण त्या वर्षीही पाऊस नैर्ऋत्येकडून आला, घाटावर आदळला आणि पलीकडे छाया पडलीच. पृथ्वी तापते आहे तसं हवेत बाष्प जास्त मावतं आहे, सरी मोठ्या होत आहेत, तारखा हलत आहेत. सह्याद्री मात्र हललेला नाही.

२०. मंडळात अतिवृष्टीची नोंद झाली, पण आमच्या शिवारात थेंब नाही. किंवा नेमकं उलट. दाद कशी मागायची?

हा प्रश्न भूगोलाचा कमी, पोटाचा जास्त. नुकसानीसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस ही अतिवृष्टीची कसोटी धरतात आणि नोंद असते महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची. मंडळात दहा-पंधरा गावं. डोंगराळ भागात मापक ओढ्याच्या अलीकडे आणि शिवार पलीकडे एवढ्यानेही आकडा बदलतो. घाटाजवळच्या मंडळांत तर एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला बाजरी असते.

करता येण्यासारखं एक काम आहे. सरळ बाजूंचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, जमिनीपासून फूटभर वर पक्कं बसवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि भांडं रिकामं करा. सरकारी मापकाची वेळही साडेआठचीच असते, म्हणून आकडे ताडून बघता येतात. या वहीला कायद्याचा पुरावा म्हणून किती मान मिळेल हे समोरच्या अधिकाऱ्यावर आहे. पण आमच्याकडच्या एका शेतकऱ्याने तीन पावसाळे अशी वही ठेवली, आणि पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याने ती उभ्या उभ्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली होती.